जुन्या सिंथवर नवे टोन कसे भरावेत

यात्रांचा हंगाम तोंडावर आला की सांगली-मिरजेतला कोणी तरी सेकंडहँड डीएक्स-७ किंवा एक्सपी-६० सिंथ (विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, ह्यात हलगीचा टोन टाकून द्या." आधी एवढं समजून घ्या, की तो टाकता येत नाही. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ मध्ये रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही. सहा ऑपरेटर (आवाजाच्या लहरी काढणारे भाग) एकमेकांवर काम करून तिथल्या तिथं आवाज घडवतात. रोलँडच्या एक्सपी-६० मध्ये रेकॉर्ड केलेले आवाज आहेत, पण ते कारखान्यातच चिपवर बसवलेले. आपण केबलनं जे पाठवतो ते फक्त सेटिंगचे आकडे. इथं टोन म्हणजे तेच. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा भोपळा तोच, तारा त्याच. घोडी घासली की आवाज बदलतो. आपलं काम तेवढंच. हलगी हवी असेल तर सॅम्पलर (बाहेरचा आवाज रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र) घ्या, नाहीतर सरळ हलगीवाला सोबत न्या.

भरण्याआधी कीबोर्डमधलं आहे ते सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवा. जुन्या मालकानं केलेले टोन पुन्हा कुठं मिळणार नाहीत. आतली लिथियम सेल बदलायची असेल तर तीही हे उतरवल्यावरच, कारण सेल काढली की मेमरी पुसली जाते.

फाईल एसवायएक्स (सिसएक्स) प्रकारची हवी, म्हणजे कीबोर्डच्या सेटिंगचे निरोप असलेली. व्हॉट्सॅपवर 'पाचशे टोन फ्री' म्हणून जे फिरतं, ते उघडून बघितल्याशिवाय पाठवू नका. डीएक्स-७ ची बँक, म्हणजे ३२ टोनांचा एक गठ्ठा, नेमकी ४१०४ बाइटांची असते. ४०९६ भरली तर पुढचं-मागचं वेष्टण गळालेलं आहे, ती तशीच जाणार नाही. १६३ बाइटांची असेल तर तो एकच टोन. आणि ४१०४ दिसली म्हणून लगेच खूशही होऊ नका. डीएक्स-२१ आणि डीएक्स-१०० यांच्या चार ऑपरेटरवाल्या बँकाही तेवढ्याच भरतात. फाईल हेक्समध्ये, म्हणजे बाइटांचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. सुरुवात 'एफ० ४३ ०० ०९' अशी असेल तर डीएक्स-७ ची. चौथ्या जागी ०४ असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

आता केबल. सगळं घोडं इथं अडतं, माझंही बरेच महिने इथंच अडलं होतं.

दोन-चारशे रुपयांची यूएसबी-मिडी केबल (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली निरोपांची भाषा) लावली की कीबोर्डवर सूर वाजतात, पेडल चालतं, टोन बदलतात. माणूस म्हणतो केबल उत्तम आहे. मग बँक पाठवतो आणि कीबोर्ड ढिम्म! दोष फाईलचा वाटतो, कीबोर्डचा वाटतो, कोणी तरी मदरबोर्ड गेल्याचं सांगून पैसेही उकळतो. खरं कारण साधं आहे. सूर म्हणजे तीन बाइटांचा निरोप, बँक म्हणजे चार हजारांवर बाइटांचा एकच सलग निरोप. मिडीच्या तारेवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, तिथं एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे ३,१२५ बाइट. बँक जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागणारच. लॅपटॉप मात्र ती यूएसबीवर क्षणात ओततो. ती साठवून घ्यायची आणि तारेच्या वेगानं सोडायची, हे मधल्या इंटरफेसचं, म्हणजे यूएसबी आणि मिडी जोडणाऱ्या डबीचं काम. स्वस्त केबलमध्ये साठवायला पुरेशी जागा नसते, त्यामुळे मधले बाइट गळतात. मग निरोपाच्या शेवटी तपासणीसाठी जोडलेली बेरीज जुळत नाही आणि कीबोर्ड सगळंच फेटाळतो. त्यानं फेटाळणं बरोबरच आहे.

तेव्हा सूर वाजतात हा केबलचा पुरावा धरू नका. इंटरफेस पाचपिनी सॉकेटवाला डबा असेल असाच घ्या. त्याचा आउट त्याच्याच इनला साध्या मिडी केबलनं जोडा, लॅपटॉपवरून बँक पाठवा आणि परत आलेली साठवा. ४१०४ गेले आणि ४१०४ आले तर इंटरफेस खरा. दुकानदार ही चाचणी करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

स्वस्त केबलच हाताशी असेल तर एक उपाय आहे. विंडोजवर मिडी-ऑक्स या प्रोग्रॅमच्या सिसएक्स सेटिंगमध्ये आउटपुट बफर (एका वेळी सोडायचा तुकडा) २५६ बाइटांचा करा आणि दोन बफरमध्ये १०० मिलिसेकंद थांबा ठेवा. २५६ बाइटांना तारेवर ८२ मिलिसेकंद लागतात, म्हणून १००. काही केबली यानं सुधारतात. काही मुळातच लांब निरोप तोडतात, त्यांच्यापुढं इलाज नाही. मॅकवर सिसएक्स लायब्रेरियन हा प्रोग्रॅम वापरा.

केबलीवरच्या 'इन' या अक्षरांवरही विसंबू नका. काही जण कीबोर्डच्या इनमध्ये घालायच्या टोकावर 'इन' छापतात, काही जण उलट. काहीच पोचत नसेल तर टोकं अदलाबदल करून बघा, त्यानं काही जळत नाही.

कीबोर्डवर: डीएक्स-७ ला इंटरनल मेमरी प्रोटेक्ट (मेमरीचं कुलूप) 'नो' करा, फंक्शनच्या ८ नंबर बटणावर 'सिस इन्फो अव्हेल' आणा, मिडी चॅनल १ ठेवा. बंद-चालू केलंत तर प्रोटेक्ट पुन्हा तपासा. एक्सपी-६० ला सिस्टिममध्ये एक्सक्लुझिव रिसीव्ह चालू, युजर मेमरीचं प्रोटेक्ट बंद आणि डिव्हाइस आयडी १७. रोलँडच्या फाईलमध्ये शेकडो छोटे निरोप असतात, तिथं प्रत्येक निरोपानंतर थांबा द्यावा लागतो.

पाठवा.

मग पहिला टोन नाही, ३२ वा वाजवून बघा. एकच टोन पाठवला असेल तर तो तात्पुरत्या जागेत येतो. सेव्ह न करता बंद केलंत की गेला. एक्सपीवर एखादा टोन नावासकट दिसतो पण मुका राहतो, तेव्हा तो तुमच्याकडं नसलेल्या एक्सपान्शन बोर्डाचे (आत वेगळ्या बसवायच्या जादा आवाजांच्या पट्टीचे) आवाज मागतोय. फाईल पुन्हा पुन्हा पाठवून तो बोलणार नाही.

सगळे टोन एकेक करून स्पीकरवर ऐका. इंटरनेटवरच्या बँकांमध्ये एक टोन कुजबुजतो, दुसरा कानठळ्या बसवतो. ते आधीच समान करून परत सेव्ह करा आणि त्या नव्या बँकेचीही एक प्रत उतरवून ठेवा. हे सगळं घरी करायचं. स्टेजवर, जनरेटरच्या विजेवर, कार्यक्रमाला पंधरा मिनिटं असताना टोन भरायला माझ्याकडे येऊ नका.