१०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवताना: आधी पॉवर सप्लाय, मग बोर्ड

अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी बोर्ड घेऊन येतात, त्यावर ५०० वॅट नाहीतर १००० वॅट छापलेलं असतं, मग घरात पडलेला १२-०-१२ चा (मधल्या वायरपासून दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर त्याला जोडतात आणि आवाज का फाटतोय म्हणून विचारत बसतात. बोर्डवर काय छापलंय ते सोडून द्या, तुमच्या ट्रान्सफॉर्मरला जेवढं झेपेल तेवढेच वॅट स्पीकरला मिळणार.

हिशोब सोपा आहे. ३५-०-३५ चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर ३५ गुणिले १.४१४, त्यातून ब्रिजमध्ये (एसीचा डीसी करणारे चार डायोड) जातं ते वजा, म्हणजे रेल (बोर्डला जाणारा डीसी पुरवठा) होते प्लस-मायनस ४८ व्होल्ट. जोरात वाजताना रेल थोडी खाली बसते, ट्रान्झिस्टर पण थोडं खातात, स्पीकरपर्यंत पोचतात साधारण ४० व्होल्ट पीक. ४० चा वर्ग १६००, त्याला ८ ओहमच्या दुपटीने म्हणजे १६ ने भागा, आले १०० वॅट. हेच गणित २४-०-२४ ला लावलं तर ५० च्या आसपास येतं, आणि खरं सांगायचं तर साध्या हॉलला तेवढं पण भरपूर होतं. पण १०० चा स्टिरिओच करायचा असेल तर ३५-०-३५, ५ अँपिअरचा टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) घ्या, गाणी ऐकायला दोन चॅनलला तो पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा, आणि हातात घेतल्यावर वजन बघा, ३५० व्हीएचा (७० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर) टोरॉइड चांगला जड लागतो.

कपॅसिटर दर रेलला १०,००० मायक्रोफॅरडचे, आणि ६३ व्होल्टचेच. रेल ४८ आहे म्हणून ५० व्होल्टचे घेऊ नका, रात्री लाइन २५० पर्यंत चढली आणि वर लोड नसला की रेल सहज ५५ च्या पुढे जाते. ब्रिज २५ किंवा ३५ अँपिअरचा, धातूच्या पाठीचा, तो कॅबिनेटला स्क्रूने आवळून टाका. प्रत्येक कपॅसिटरवर २.२ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावाच, स्विच बंद केल्यावर तो चार्ज उतरवतो. तरी आत हात घालायच्या आधी मीटरने बघायचं, दोन रेलमध्ये मिळून ९६ व्होल्ट असतात, ती मस्करी नाही. मेनला ३ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, तीन पिनची वायर, आणि अर्थिंग कॅबिनेटच्या पत्र्याला पक्कं.

आउटपुटला आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते ती सी५२०० आणि ए१९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी, २३० व्होल्ट १५ अँपिअर. डुप्लिकेट माल खूप फिरतो, त्यामुळे अर्ध्या किमतीत मिळतेय म्हणून घेऊ नका. ८ ओहमला एक जोडी कशीबशी ओढते, मी तरी दर चॅनलला दोन जोड्याच सांगेन. कारण उष्णता: ४८ व्होल्टच्या रेलवर ८ ओहमला एका चॅनलचे ट्रान्झिस्टर मिळून जास्तीत जास्त ५८ वॅटच्या आसपास तापतात, आणि ते फुल आवाजात नाही तर मधल्या आवाजात. म्हणून पत्र्याचा तुकडा चालत नाही, जाड फिनचा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक पाहिजे.

ट्रान्झिस्टर बसवताना मधे मायका (करंट अडवणारी पातळ चकती), तिच्या दोन्ही बाजूंना कंपाउंडचा (उष्णता पुढे नेणारी पेस्ट) अगदी पातळ थर, मग स्क्रू. आवळून झालं की मीटर बीपवर ठेवून एक प्रोब मधल्या पायाला आणि दुसरा हीटसिंकच्या उघड्या धातूला लावा (काळ्या अ‍ॅनोडाइज्ड भागावर नको, तो थर करंट जाऊ देत नाही, थोडं खरवडून घ्या). बीप वाजला तर खोला, भोकाच्या कडेचा एक बारीक बर (धातूचं टोक) सुद्धा मायका फाडतो. बायसचा (गाणं नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा) छोटा ट्रान्झिस्टर, बहुतेक बीडी१३९, तो पण याच हीटसिंकवर पाहिजे, बोर्डवर लटकता ठेवला तर गरम झाल्यावर करंट वाढत जातो आणि आउटपुट उडतं.

आता पहिल्यांदा चालू करताना. स्पीकर जोडायचा नाही, इनपुटची दोन्ही टोकं एकमेकांना शॉर्ट, बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) कमीत कमीवर, आणि मेनच्या फेजमध्ये सिरीजला १०० वॅटचा बल्ब, जुना फिलामेंटवालाच, एलईडी इथे कामाचा नाही. स्विच टाकला की बल्ब भक्कन पेटतो कारण रिकामे कपॅसिटर करंट ओढतात, मग एक-दोन सेकंदात उतरत उतरत विझल्यासारखा होतो. तसाच लख्ख जळत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे ट्रान्झिस्टर बहुतेक वाचलेले असतात. सगळं ठीक असेल तर आउटपुटला डीसी मोजा, ५० मिलीव्होल्टच्या आत हवा. मग बल्ब काढा आणि ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून प्रीसेट हळूहळू फिरवा, ११ मिलीव्होल्ट म्हणजे ५० मिलीअँपिअर, तेवढं बास. प्रोब हातात धरू नका, क्लिप लावा. वीस मिनिटांनी गरम झाल्यावर परत बघून घ्या.

हम (गाणं नसताना स्पीकरमधून येणारी घरघर) येत असेल तर आधी ऐका कसला आहे. चिरका, खरखरीत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे ग्राउंड चुकलंय: दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडातून एक जाड वायर काढून एका बिंदूवर आणा आणि स्पीकरचं, बोर्डचं, इनपुटचं ग्राउंड तिथेच जोडा. खोल घुमणारा असेल तर ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरजवळ आहे, लांब न्या किंवा टोरॉइड जागच्या जागी फिरवून बघा.

स्पीकर प्रोटेक्शनचा रिले (बिघाड झाला की स्पीकर तोडणारा स्विच) टाळू नका. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ४८ व्होल्ट डीसी थेट कॉइलवर, ८ ओहमला ते २८८ वॅट होतात आणि कॉइल लगेच जळते. यूपीसी१२३७ या आयसीचं तयार प्रोटेक्शन किट स्वस्तात मिळतं, फक्त रिले चांगल्या अँपिअरचा बघून घ्या. आधी जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावून तासभर वाजवा आणि हीटसिंकवर तळहात ठेवा, पाच सेकंद ठेवता आला नाही तर कव्हर लावू नका, आधी बायस परत मोजा, तो बरोबर असेल तर हीटसिंक मोठा घ्या.