अ‍ॅडसेन्सचं पत्र चुकवू नका
छंदाच्या ब्लॉगवर गूगल अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती लावल्या असतील, तर खात्यातला पत्ता आजच तपासा. कमाई 10 डॉलरला पोचली की पत्त्याच्या पडताळणीचा पिन (खात्यात भरायचा अंकी कोड) असलेलं पत्र साध्या टपालाने निघतं आणि यायला 2 ते 4 आठवडे लागतात. पत्त्यात वाडी, जवळची खूण, पिनकोड हवाच. गावात पोस्टमनला आधी सांगून ठेवलेलं उत्तम. पहिला पिन निघाल्यापासून 4 महिन्यांत भरला नाही, तर जाहिराती बंद होतात. पैसे मात्र 100 डॉलर साठल्यावरच मिळतात. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी तंतोतंत जुळवा, शाखेकडून स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठी लागणारा बँकेचा कोड) घ्या. आपल्याच जाहिरातींवर क्लिक करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. खातं कायमचं जाऊ शकतं.