रेसिडेन्सीत साइड इनकम करायचंय? आधी हे बघा

डॉक्टरांची पीजी (एमडी-एमएस) म्हणजे फुल टाइम, २०२३ च्या एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियमांतही तेच आहे, त्यामुळे पहिली गोष्ट, कोथरूड नाहीतर हडपसरला कुठल्या नर्सिंग होममध्ये नाइट आरएमओ, म्हणजे रात्रीचा ड्युटी डॉक्टर, व्हायच्या भानगडीत प्लीज पडू नका, काही झालं तर पीजीच्या सीटवर येतं आणि पेशंटचे हाल होतात ते वेगळेच. दुसरं कुठलंही काम घ्यायच्या आधी अ‍ॅडमिशनच्या वेळी सही केलेला बॉण्ड नीट वाचा, एचओडींना (विभागप्रमुखांना) विचारा, लेखी परवानगी घ्या.

मग करायचं काय? मला सगळ्यात आवडतं ते भाषांतर. क्लिनिकल ट्रायलचे (पेशंटवर औषधं तपासून बघतात त्याचे) कन्सेन्ट फॉर्म, म्हणजे संमतीपत्रं, मराठीत लागतात आणि रँडमायझेशन म्हणजे काय हे जुन्नरच्या आजींना कळेल असं लिहायचं, म्हणजे कोणाला कुठलं औषध ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात ना तसं, तर त्याला डॉक्टरकी आणि मराठी दोन्ही पक्कं लागतं. पैसे पानामागे की शब्दामागे, कधी मिळणार, हे आधीच ईमेलवर ठरवून घ्या.

नीटवाल्या पोरांचे बायोलॉजीचे डाउट्स, एमसीक्यू लिहिणं, हेपण चालतं, फक्त नाइट करून आल्यावर क्लास ठेवू नका, झोपा खरंच. फीमधून टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा, टॅक्स लागतच नसेल तर तो परत मिळतो.