ऑनलाइन बैठकीआधी माइकची लेव्हल लावताना

ही सगळी यादी विंडोज आणि व्हॉइसमीटर बनाना (माइक आणि कॉम्प्युटरमधले आवाज एकत्र करून त्यांची लेव्हल लावायचं सॉफ्टवेअर) धरून आहे. गाणारं एक, सोबत हार्मोनियम, तानपुरा कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून आणि ऐकणारे झूमवर. चार्जर, केबली, बंद पंखा, बंद खिडक्या हे सांगायला नको. नेट शक्यतो वायरने जोडा.

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली 'ऑटोमॅटिकली अ‍ॅडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं, त्यापुढची टिक काढा. गेल्या बैठकीला ती काढायची राहिली. आलापात आवाज वर चढत गेला, जोरकस तान आली की दबला, आणि सगळा वेळ व्हॉइसमीटरचे फेडर (आवाज वरखाली करायची सरकती बटणं) तपासण्यात गेला. ते लावलेल्या जागीच होते. टिक असली की झूम विंडोजमधली माइकची लेव्हल आपल्या मनाने वरखाली करतं, आणि ते व्हॉइसमीटरच्या खिडकीत कुठेच दिसत नाही. बोलणाऱ्याला ही सोय आहे. ख्यालात मंद्रातला षड्ज आणि तारसप्तकातली तान यांच्यात मुळातच मोठं अंतर असतं, आणि ते अंतर ऐकणाऱ्यापर्यंत तसंच पोचायला हवं. टिक काढलीत? पुढे चला.

माइक नेहमीच्याच यूएसबी पोर्टमध्ये लावा. पोर्ट बदललं की काही माइक विंडोजला नवीन वाटतात आणि जुनी लेव्हल जाते. मग विंडोज आणि आर दाबून mmsys.cpl टाइप करा, त्याऐवजी कंट्रोल पॅनलमधून साउंड उघडलंत तरी चालेल. 'रेकॉर्डिंग'मध्ये माइकच्या प्रॉपर्टीज बघा. 'लेव्हल्स'मध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' असेल तर तो शून्यावर आणा, त्याने खोलीची घरघर तेवढी वाढते. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 48000 हर्ट्झ निवडा. हेडफोनच्या डिव्हाइसलाही 48000च, नाहीतर मधूनच कडकड ऐकू येते आणि दोष माइकचा वाटतो. 'कम्युनिकेशन्स'मध्ये 'डू नथिंग'. तिथे मुळात दुसऱ्या आवाजांची पातळी 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो, आणि कॉल लागला की तानपुरा गायब होतो.

आता खरं काम. व्हॉइसमीटरमध्ये माइकच्या पट्टीचा फेडर 0 वर ठेवा. त्यावर डबल क्लिक केलं की तो 0 वर येतो. 'कॉम्प' (मोठा आवाज दाबणारं) आणि 'गेट' (बारीक आवाज बंद करणारं) दोन्ही शून्यावर. गेट लावलं की मींडेचं शेपूट कापलं जातं. लेव्हल लावायची ती फेडरने नाही, मुळातून: ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) असेल तर त्याच्यावरच्या गेनच्या नॉबने, यूएसबी माइक असेल तर त्याच्या नॉबने किंवा विंडोजच्या लेव्हलने. फेडर वर 12 डीबीपर्यंत जातो म्हणून मोह होतो, पण माइकपाशीच फाटलेला आवाज फेडर खाली ओढून सांधत नाही, फाटलेलाच बारीक ऐकू येतो.

गाऊन लावा. 'हॅलो, वन टू थ्री' म्हणून लावलेली लेव्हल गाण्यात टिकत नाही. माइकपासून वीतभर अंतर ठेवून, बैठकीत जेवढा लावणार तेवढाच तार षड्ज लावा आणि त्याचं टोक मीटरवर उणे 10 ते उणे 6 यांच्यामध्ये येईल असा नॉब ठेवा. 0 च्या वर डिजिटलमध्ये जागाच नाही. मध्य सप्तक मग उणे 20 च्या आसपास येईल. ते कमी वाटलं तरी नॉबला हात लावू नका. हार्मोनियम वाजवत गा, कारण भाता माइककडे असेल तर गणित बदलतं. इंटरफेसमधून आवाज एकाच कानात येत असेल तर त्या पट्टीवरचं 'मोनो' दाबा.

तानपुरा 'व्हीएआयओ'च्या पट्टीवर (कॉम्प्युटरमधल्या अ‍ॅपचा आवाज इथे येतो) घ्या आणि गळ्याच्या खाली राहील इतकाच ठेवा. माइक आणि तानपुरा दोन्ही पट्ट्यांवर बी1 (व्हॉइसमीटरमधून झूमकडे जाणारी वाट) दाबलेलं हवं, आणि झूममध्ये माइक म्हणून व्हॉइसमीटरचं बी1 निवडलेलं हवं. झूमचा आवाज 'ऑक्स'वर (व्हीएआयओसारखीच दुसरी पट्टी) घेत असाल तर त्या पट्टीवरचं बी1 बंदच ठेवा, नाहीतर समोरच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं.

इथे पुन्हा ती टिक. बी1 हेही विंडोजच्या लेखी एक माइकच, त्यालाही लेव्हल असते, आणि झूम तीच हलवतं. झूममध्ये माइक बदललात की टिक पुन्हा बघा, आणि 'रेकॉर्डिंग'मध्ये जाऊन बी1 ची लेव्हल 100 वर आहे का तेही बघा. दुपारी ब्राउझरमधून दुसरा कॉल झाला असेल तर नक्की बघा, ब्राउझरही लेव्हल हलवू शकतो.

झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करा. सेटिंग्जमध्ये निवडून भागत नाही, मीटिंगमध्ये शिरल्यावर वरच्या बाजूचं बटणही 'ऑन' करावं लागतं. हे बंद राहिलं तर अखंड चालणारा तानपुरा गोंगाट समजून पुसला जातो. 'इको कॅन्सलेशन' बंद, म्हणजे हेडफोन हवाच, स्पीकर चालणार नाही.

दुसरा फोन म्यूट करून मीटिंगमध्ये घ्या, कोणालातरी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून ऐकायला बसवा. एक आलाप, एक तान. दोन्हींत तानपुरा तेवढाच ऐकू आला पाहिजे. वरखाली होत असेल तर फेडर सोडा, टिक बघा.

कडकड आली तर व्हॉइसमीटरच्या मेन्यूमधून 'रीस्टार्ट ऑडिओ इंजिन'. लोक यायच्या आधी टिक, बी1 ची लेव्हल, ओरिजिनल साउंड. पाणी. सगळं जमलं की व्हॉइसमीटरमध्ये 'सेव्ह सेटिंग्ज' करून फाइल ठेवा. विंडोजची लेव्हल त्या फाइलमध्ये येत नाही, ती वहीत लिहा.