नव्या नोव्हाचा पहिला स्पेक्ट्रम घेताय? या चुका टाळा

१४ ऑगस्ट २०१३ ला जपानच्या कोइची इतागाकींना धनिष्ठेजवळ ६.८ मॅग्निट्यूडचा नोव्हा, म्हणजे अचानक खूप उजळलेला तारा दिसला, आणि दोनच दिवसांत तो ४.३ पर्यंत चढला (मॅग्निट्यूडचा आकडा जितका कमी तितका तारा उजळ), म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागला. तोच व्ही३३९ डेल्फिनी. जगभरच्या हौशी लोकांनी लगेच त्याचे स्पेक्ट्रम, म्हणजे तरंगलांबीप्रमाणे फोडलेल्या प्रकाशाचे पट्टे, घ्यायला सुरुवात केली म्हणून त्याची वाढ आणि उतार दोन्ही नोंदले गेले. नोव्हाची पहिली रात्र परत मिळत नाही, म्हणून तेव्हाच्या चुका जास्त महागात पडतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एच अल्फा, म्हणजे हायड्रोजनची लाल रेष, जाळून टाकणं (जास्त एक्स्पोजरने कॅमेऱ्याच्या हद्दीबाहेर नेणं). सुरुवातीला ६५६३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) ही रेष बेताची असते, पण थोड्याच दिवसांत ती बाकी स्पेक्ट्रमच्या कितीतरी वर जाते आणि आपण एक्स्पोजर मात्र कालचंच ठेवतो. मग रेषेचं टोक सपाट येतं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. १६ बिटच्या कॅमेऱ्यात ६५५३५ ही शेवटची हद्द, त्यामुळे रॉ फ्रेममधला सगळ्यात उजळ पिक्सेल ५०००० च्या आत आहे ना ते बघा, आणि दोन सेट घ्याच, एच अल्फासाठी छोटी एक्स्पोजर आणि निळ्या बाजूसाठी मोठी.

दुसरं, वेग काढायची घाई. पी सिग्नी प्रोफाइल दिसली, म्हणजे उत्सर्जन रेषेच्या निळ्या बाजूला शोषणाची खाच दिसली, की लगेच किमी प्रति सेकंदचा आकडा टाकायचा मोह होतो. एच अल्फापाशी १० अँगस्ट्रॉम सरकणं म्हणजे जवळपास ४५७ किमी प्रति सेकंद. स्टार अ‍ॅनालायझर १०० सारख्या ग्रेटिंगचं (प्रकाश फोडणाऱ्या जाळीचं) रिझोल्यूशन साधारण १०० असतं, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सगळ्यात छोटा फरकच ३००० किमी प्रति सेकंदचा! त्याच्यावर नोव्हा ओळखता येतो, वेग मोजता येत नाही. चांगलं रिझोल्यूशन असेल तर पृथ्वीच्या स्वतःच्या गतीची दुरुस्तीही करा, ती ३० किमी प्रति सेकंदपर्यंत जाते.

रेषांची ओळख हा तर खरा खड्डा आहे. ५०१८ अँगस्ट्रॉमला आयर्न-टू (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह) आणि ५०१६ ला हीलियम, ४९२४ ला आयर्न आणि ४९२२ ला हीलियम, कमी रिझोल्यूशनमध्ये हे वेगळे कळणारच नाहीत. म्हणून ५१६९ बघायचं, तिथे आयर्नची रेष असते, हीलियमची नसते. हीलियमसाठी ५८७६, ६६७८, ७०६५ तिन्ही तपासा, एकट्या ५८७६ वर भरवसा नको, कारण सोडियमची ५८९० ची खाच ७०० किमी प्रति सेकंद वेगाने निळ्या बाजूला सरकली की नेमकी तिथेच येऊन बसते. आणि नोव्हाचा प्रकार (कुठल्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक आहेत त्यावरून ठरतो तो) लिहिलात तर पुढे तारीख लिहाच. शर्मिष्ठेतला व्ही१४०५ (मार्च २०२१) सुरुवातीला हीलियम-नायट्रोजन प्रकारचा वाटला आणि मे महिन्यात शिखराला पोचल्यावर आयर्न-टू झाला, म्हणजे आधी आणि नंतर वेगवेगळा प्रकार लिहिणारे दोघंही बरोबरच होते.

शिखराच्या आसपास उत्सर्जन रेषा फिक्या पडतात आणि स्पेक्ट्रम शोषण रेषांनी भरतो, ते बघून 'हा नोव्हाच नाही' असं ठरवू नका.

रिस्पॉन्ससाठी, म्हणजे आपली उपकरणं कुठल्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतात ते काढायला, ए वर्गाचा (हायड्रोजनच्या ठळक खाचा असलेला) तारा घेतात ते बरोबरच, पण त्याच्या स्वतःच्या हायड्रोजनच्या खाचा न भरता भाग दिला तर नोव्हाच्या एच बीटा, एच गॅमा या हायड्रोजनच्या रेषांवर खोटा फुगवटा येतो, आणि तो इतका खरा वाटतो की अनुभवी माणूसही फसतो. तारा आकाशात नोव्हाच्याच उंचीवरचा निवडा, नाहीतर निळी बाजू वाकडी येते. ६८६७ आणि ७६०५ च्या खाचा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या, त्या नोव्हाच्या खात्यात घालू नका.

वेळेचंही बघा. शौरीतला व्ही१६७४ (जून २०२१) साधारण एका दिवसात दोन मॅग्निट्यूड उतरला, तिथे काही तासांची गडबड म्हणजे डेटा बाद. एक्स्पोजरच्या मध्याची वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) लिहा. भारतात १५ तारखेच्या पहाटेचे २ म्हणजे युटीसीत १४ तारखेचे २०:३०, इथे तारीखच चुकते बऱ्याच जणांची. लॅपटॉपचं घड्याळ निरीक्षणाआधी इंटरनेटवरून सिंक करून घ्या, आणि रॉ फ्रेम, तसंच दुरुस्तीच्या आणि तरंगलांबी बसवायच्या फ्रेम, म्हणजे डार्क, फ्लॅट, लॅम्प सगळं जपून ठेवा, नुसता शेवटचा ग्राफ ठेवू नका.