जुने बेसबॉल कार्ड अस्सल की बनावट, हे कसे ओळखावे

बेसबॉल कार्ड म्हणजे बेसबॉल खेळाडूचे चित्र छापलेला, संग्राहक जमवतात तो छोटा पुठ्ठा. असे जुने आणि महाग कार्ड विकत घेण्याचा विचार असेल, तर पहिली पायरी म्हणजे त्याच वर्षाच्या त्याच संचातील एखाद्या अप्रसिद्ध खेळाडूचे अस्सल, पण झिजलेले आणि म्हणून स्वस्त कार्ड विश्वासू विक्रेत्याकडून घेणे. बनावटगिरी करणारे लोक सहसा नामवंत खेळाडूंच्या मागे असतात. कोणालाच फारसे न आठवणाऱ्या खेळाडूचे फाटके कार्ड छापून त्यांना काही मिळत नाही. मात्र एकाच संचातील अप्रसिद्ध खेळाडूचे आणि नामवंताचे कार्ड एकाच प्रकारच्या पुठ्ठ्यावर, त्याच पद्धतीने छापलेले असते. म्हणून असे स्वस्त कार्ड हाताशी असले, तर पुढील प्रत्येक तपासणीसाठी खरा नमुना मिळतो. माझ्या मते कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा या नमुन्याचा उपयोग अधिक होतो.

दुसरी पायरी मोजमापाची. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिलेली कार्डे, ज्यांना संग्राहक 'टी२०६' म्हणतात, सुमारे ३.७ सेंटिमीटर रुंद आणि ६.७ सेंटिमीटर उंच असतात. टॉप्स कंपनीची १९५२ सालची कार्डे त्याहून बरीच मोठी, म्हणजे सुमारे ६.७ बाय ९.५ सेंटिमीटर आहेत. याच कंपनीने १९८३ साली १९५२चा संच पुन्हा छापला, तो मात्र आजच्या प्रचलित आकारात, म्हणजे सुमारे ६.४ बाय ८.९ सेंटिमीटर. त्यामुळे नामवंत बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२चे कार्ड म्हणून दाखवलेली वस्तू या लहान आकाराची निघाली, तर तपासणी तेथेच संपते. ज्या पुनर्मुद्रणांवर तसा उल्लेख छापलेला असतो, त्यांच्यावरील ती अक्षरे खरवडून कार्ड विकण्याचे प्रकारही होतात. म्हणून मागील बाजूस कोठे पृष्ठभाग खरवडलेला किंवा पातळ झालेला दिसतो का, हे तिरप्या प्रकाशात अवश्य पाहावे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने तिला पुरेसा वेळ द्यावा. जवाहिरे वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन प्रथम चित्राऐवजी खेळाडूचे नाव, चौकटीच्या रेषा आणि मागील मजकूर पाहावा. मूळ छपाईत अक्षरे आणि रेषा सलग शाईने उमटवलेल्या असल्याने त्यांच्या कडा स्वच्छ दिसतात. नकलेसाठी मूळ कार्डाचे छायाचित्र घेऊन किंवा ते स्कॅन करून छापले, तर चित्राबरोबर अक्षरेही रंगीत ठिपक्यांत फुटतात आणि काळी भासणारी रेषा भिंगाखाली निळ्या, लाल व पिवळ्या कणांची बनते. टी२०६ कार्डे शिळाछाप पद्धतीने, म्हणजे सपाट दगडावरून, अनेक रंग एकावर एक चढवून छापलेली आहेत. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या प्रती मळवलीच्या छापखान्यात याच पद्धतीने निघत, त्यामुळे घरात तशी जुनी तसबीर असेल, तर भिंगाखाली तिचे रंग कसे दिसतात ते पाहून डोळ्याला सवय लावता येते. आधुनिक नकलेतील ठिपक्यांची नियमित, फुलासारखी नक्षी त्याहून अगदी वेगळी असते. टी२०६मधील खेळाडूंची नावे तपकिरी शाईत आहेत, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतर पुठ्ठा पाहावा. अंधाऱ्या खोलीत नमुना कार्ड आणि शंकास्पद कार्ड एकामागून एक टॉर्चसमोर धरले असता प्रकाश आरपार येण्याचे प्रमाण जवळपास सारखे हवे. नोटा तपासण्यासाठी वापरतात तो अतिनील दिवाही उपयोगी पडतो, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९३३ सालचे गाउडी कंपनीचे बेसबॉलपटू बेब रूथचे कार्ड या दिव्याखाली निळसर पांढरे उजळले, तर ते घेऊ नये. उलट, ते उजळले नाही एवढ्याने ते अस्सल ठरत नाही, कारण जुन्या पुस्तकांचे कोरे कागद वापरूनही नकला केल्या जातात.

झीज कशी झाली आहे, यावरूनही बरेच कळते. हाताळून झिजलेल्या कार्डाचे कोपरे असमान मऊ होतात, पुठ्ठ्याचे थर सुटू लागतात आणि मळ घड्यांत खोलवर मुरतो. चहाकॉफीच्या पाण्याने जुने केलेल्या कार्डावर डाग सर्वत्र सारखाच पसरतो आणि चारही कोपरे एकाच मापाने गोल झालेले दिसतात.

कार्ड अस्सल असूनही फसवणूक होऊ शकते. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे सर्वांत प्रसिद्ध टी२०६ कार्ड एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकी यांच्या मालकीचे होते आणि कार्डांची स्थिती पाहून प्रतवारी करणाऱ्या पीएसए या कंपनीने त्याला १० पैकी ८ गुण दिले होते. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ साली दिली. म्हणून कडा संशयास्पद रीतीने धारदार आणि ताज्या दिसतात का, तसेच लांबीरुंदी नमुन्याहून किंचित कमी भरते का, हेही पाहावे.

प्रतवारी कंपनीच्या प्लास्टिकच्या बंद पेटीतले कार्ड असले, तरी निश्चिंत राहू नये, कारण पेट्या आणि त्यांवरील चिठ्ठ्याही बनावट असतात. चिठ्ठीवरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. मात्र खरा क्रमांक नकली चिठ्ठीवर उतरवता येतो, त्यामुळे तेथे छायाचित्र उपलब्ध असल्यास चित्राची चौकटीतील जागा, डाग आणि कोपरे एकेक करून जुळवावेत.

ऑनलाइन खरेदीत पैसे देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडांची स्पष्ट छायाचित्रे मागावीत. आजोबांच्या माळ्यावर पेटी सापडली, ही हकिकत खरी असू शकते, परंतु ती तपासणीच्या जागी धरू नये. बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात कार्ड मिळत असेल, तर परत घेण्याची लेखी हमी असल्याशिवाय व्यवहार करू नये. एवढे करूनही नकली कार्ड पदरी पडले आणि पैसे परत मिळाले नाहीत, तर त्याच्या मागील बाजूस न पुसणाऱ्या शाईने 'बनावट' असे ठळक लिहून ते आपल्या अस्सल नमुन्याशेजारीच ठेवावे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या गळ्यात मारता येणार नाही आणि पुढच्या तपासणीत उजवे-डावे पाहायला कामी येईल.