जावात दोन लिस्ट जोडताय? या चुका टाळा

जावा या प्रोग्रामिंग भाषेत दोन लिस्ट, म्हणजे याद्या, एकत्र करायच्या म्हणजे एका ओळीचं काम, ॲडऑल (एका लिस्टमधलं सगळं दुसरीत घालणारी मेथड) लिहिलं की झालं, असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाहीये, पण त्या एका ओळीपायी माझी एक अख्खी रात्र गेलीय म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एका क्लाससाठी हजेरीचं छोटं ॲप करत होतो. सकाळच्या बॅचला 32 मुलं, संध्याकाळच्या बॅचला 28, आणि रिपोर्टचं बटण दाबलं की दोन्ही याद्या एकत्र दिसायच्या. पहिल्यांदा दाबलं, 60 आले, बरोबर. परत दाबलं तर 88. परत दाबलं, 116. मी डेटाबेस बघितला, क्वेरी बघितली, कुठेच डबल एंट्री नव्हती. चूक होती ती सकाळ.ॲडऑल(संध्याकाळ) या ओळीत. ॲडऑल नवीन लिस्ट करून देत नाही, डॉटच्या आधी जी लिस्ट आहे तिच्यातच दुसरीतलं सगळं ओततं, त्यामुळे पहिल्याच क्लिकला माझी सकाळची बॅच 60 ची झाली आणि पुढे दर क्लिकला 28 ची भर पडत गेली. परत मिळतं ते फक्त ट्रू किंवा फॉल्स, म्हणून ते थेट लिस्टच्या व्हेरिएबलमध्ये घ्यायला गेलात तर कंपायलर ओरडतो.

उपाय साधा आहे. आधी सगळे = न्यू ॲरेलिस्ट<>(सकाळ), मग सगळे.ॲडऑल(संध्याकाळ). मूळ याद्या जशाच्या तशा राहतात. फक्त एक लक्षात ठेवा, लिस्ट नवीन झाली तरी आतली ऑब्जेक्ट तीच असतात, एकत्र यादीत एखाद्या मुलाचा फोन नंबर सेटरने (किंमत बदलणाऱ्या मेथडने) बदललात तर तो सकाळच्या यादीतही बदललेला दिसणार.

आता दुसरी चूक, आणि ही नवीन लोकांना सगळ्यात जास्त छळते: अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन, म्हणजे हे काम या लिस्टवर चालत नाही अशी एरर. लिस्ट दिसायला लिस्टच असते पण तिच्यात भर घालता येत नाही. ॲरेची लिस्ट करून देणाऱ्या ॲरेज.ॲजलिस्ट मधून आलेली लिस्ट ठरावीक लांबीची असते, त्यात सेट चालतं, ॲड चालत नाही. जावा 9 मध्ये आलेलं लिस्ट.ऑफ तर काहीच बदलू देत नाही, आणि जावा 16 पासून स्ट्रीमवर (घटक एकेक करून पुढे नेणाऱ्या साखळीवर) थेट टूलिस्ट मारता येतं, त्यातून येणारी लिस्टही बदलता येत नाही. गंमत बघा, ॲजलिस्टवाल्या लिस्टमध्ये रिकामी लिस्ट ॲडऑल केली तर एरर येतच नाही, कारण ॲड करायला काही नसतंच! म्हणजे टेस्टिंगला संध्याकाळची बॅच रिकामी असेल तर सगळं हिरवं, आणि खरा डेटा आला की ॲप आडवं. लिस्ट.ऑफ मात्र रिकाम्यालाही लगेच एक्सेप्शन देतं. एक्सेप्शन आलं की स्टॅक ट्रेस (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या ओळी) नीट वाचा, इम्यूटेबल कलेक्शन्स असं नाव दिसलं तर लिस्ट.ऑफ किंवा स्ट्रीमच्या टूलिस्टकडे बघा, नुसतं ॲबस्ट्रॅक्ट लिस्ट दिसलं तर आधी ॲजलिस्टवर संशय घ्या. इलाज तोच, न्यू ॲरेलिस्ट मध्ये गुंडाळून मग जोडा.

ॲजलिस्टचीच अजून एक खोड आहे, त्याला इंटचा ॲरे दिलात तर आकडे सुटे होत नाहीत, अख्खा ॲरे हाच एक घटक होतो आणि साइज 1 येतो. इंटिजरचा ॲरे द्या नाहीतर इंटस्ट्रीमवर बॉक्स्ड करा, म्हणजे इंटचं इंटिजर ऑब्जेक्ट होतं.

काही मुलं दोन्ही बॅचला यायची, त्यांची नावं दोनदा येऊ लागली. कुणीतरी हॅशसेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संग्रह) सुचवला, लावला, तर रोल नंबरचा क्रमच विस्कटला. लिंक्डहॅशसेट घ्या, क्रम टिकतो. पण तरीही डुप्लिकेट दिसत असतील तर सेटला दोष देऊ नका, तुमच्या स्टुडंट क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट सारखी आहेत का हे ठरवायला लागणाऱ्या मेथड) लिहिलेत का ते बघा, दोन्ही लागतात, एक लिहून भागत नाही. ते नसतील तर दोन वेगळी ऑब्जेक्ट म्हणजे जावाच्या मते दोन वेगळी मुलं, मग रोल नंबर एक का असेना. स्ट्रीमच्या डिस्टिंक्टलाही (डुप्लिकेट गाळणाऱ्या मेथडलाही) हेच लागू.

फॉर-ईच लूप फिरत असताना त्याच लिस्टमध्ये ॲड करू नका, कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येणार. नाव बघून लोक थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) शोधत बसतात, पण हे एकाच थ्रेडमध्येही होतं.

राहिलं नल, म्हणजे व्हेरिएबलमध्ये काहीच नसणं. ॲडऑलला नल दिलंत तर नल पॉइंटर एक्सेप्शन येतं, आणि ते दरवेळी इफ लावून झाकण्यापेक्षा जी मेथड लिस्ट परत देते तिलाच डेटा नसताना रिकामी लिस्ट द्यायला लावा. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळची बॅच नल यायची, ती मेथड बदलली आणि रिपोर्टमधले चार इफ काढून टाकता आले.